उन्हाळ्यात गाय उलटते तेव्हा: या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या वर गेला की संकरित गायी उलटायला लागतात, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. मग कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) बदलतात, डॉक्टर बदलतात, शेवटी गर्भाशय धुऊन घेतात. सोट (माजाच्या वेळी योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखी स्वच्छ असेल तर या धुण्याचा उपयोग नसतो. बिघाड बहुतेक वेळा स्त्रीबीजात किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भ्रूणात झालेला असतो, आणि तो कोणत्याही औषधाने मागे फिरत नाही.

ताप न मोजता उपचार करणं. गायीच्या अंगाचा ताप साधारण १०१.५ फॅरनहाइट असतो. दुपारी चार वाजता आणि रात्री नऊ वाजता गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. दोन्ही वेळा १०२.५ च्या वर असेल, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त असतील, तर आधी गोठा दुरुस्त करा. रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा. दिवसभर तापलेला पत्रा अंधार पडल्यावरही गायीवर आग ओकत असतो, आणि मालकाला वाटतं ऊन उतरलं.

पाऊस आला म्हणजे सुटलो असं समजणं. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना तापमान-आर्द्रता निर्देशांक (उष्णता आणि दमटपणा मिळून गायीवर किती ताण येतो ते सांगणारा आकडा) सुमारे ८४ येतो. पहिल्या पावसानंतर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तो ८५ येतो, म्हणजे गायीसाठी काहीच बदललेलं नसतं. ७२ च्या पुढे दुधाळ संकरित गायीला ताण सुरू होतो.

पावसानंतरही गाय न सुटण्याचं दुसरं कारण अंडाशयात आहे. पुटिकेत (बीज वाढतं त्या पिशवीत) द्रव साठायला लागल्यापासून बीज सुटेपर्यंत साधारण ४० दिवस लागतात. ५ जुलैला सुटणारं बीज मेअखेरच्या उन्हात पोसलेलं असतं. त्यामुळे हवा गार झाल्यावरही दोन-तीन माज वाया जाऊ शकतात. जूनमध्ये भरवायची गाय असेल तर तिला थंड ठेवणं एप्रिलच्या मध्यापासून सुरू हवं.

कांडी भरली की फवारे बंद करणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माजाच्या वेळी बीज सोडायला लावणाऱ्या एलएच संप्रेरकाची लाट आली की बीज पक्व व्हायला सुमारे एक दिवस लागतो. त्या काळात गुणसूत्रं ज्या तंतूंच्या आधाराने वेगळी होतात ते तंतू ४१ अंश सेल्सिअसला विस्कटतात, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया मंदावतात. बीज बाहेरून धड दिसतं, कधी फळतंही, पण सातव्या दिवशीच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात रुजण्याआधीच्या भ्रूणाच्या टप्प्यापर्यंत) पोचत नाही.

फलनानंतरचे पहिले दोन दिवस आणखी नाजूक. भ्रूणाची स्वतःची जनुकं पूर्ण चालू व्हायला ८ ते १६ पेशींचा टप्पा यावा लागतो. तोवर तो आईने बीजात भरून दिलेल्या शिदोरीवर जगतो. तिसऱ्या दिवसानंतर त्याची उष्णता सोसण्याची ताकद बरीच वाढते. म्हणून माजाच्या आधीचे दोन आणि नंतरचे चार दिवस फवारे-पंख्यात एक फेरीही चुकवू नका. इतक्या लवकर मेलेल्या भ्रूणाची गाय २१ दिवसांनी नेहमीसारखी माजावर येते, आणि मालक म्हणतो कांडी लागलीच नाही.

पाणी चुकीच्या पद्धतीने मारणं. कोरड्या मेमध्ये फॉगर (बारीक धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) चालतात. दमट जूनमध्ये बंद गोठ्यात तेच फॉगर वाफेची खोली करून टाकतात. मोठे थेंब पाठीवर पाडून कातडी भिजवा, एक-दोन मिनिटं. मग पाणी बंद करून १० ते १५ मिनिटं जोराचा पंखा. असं तासभर, दिवसातून चार-पाच वेळा, त्यातली एक फेरी रात्री. पाणी ओघळून सडावर येऊ देऊ नका, कासदाहाला आमंत्रण मिळतं. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या किंवा उसाचं पाचट अंथरा.

माज दिवसाच शोधणं. उन्हात माज मुका आणि तोकडा होतो, खुणा पहाटे आणि रात्री दिसतात. ठरावीक वेळी रेतनाचा इंजेक्शनचा कार्यक्रम मुक्या माजावर उपयोगी आहे, पण भाजलेलं बीज त्याने सुधारत नाही. कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून. उन्हात ठेवलेल्या बादलीच्या भरवशावर नको. सॉर्टेड सीमेनची (कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची) महाग कांडी मेमध्ये वापरणं आम्हाला तरी पटत नाही.

चाऱ्यात वैरणीचा मोठा भाग पहाटे आणि रात्री टाका. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) गाय ठेवू नका. सावलीतलं गार पाणी चोवीस तास समोर हवं. दुधाळ गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर सहज पिते.

सातव्या दिवसाचा भ्रूण प्रत्यारोपित केला तर नाजूक दिवस टळतात, मात्र तो थंडीत तयार करून गोठवलेला असावा. ती सोय नसेल आणि मेमध्ये भरवायचंच असेल, तर आधी कालवडी घ्या. त्यांच्या अंगात दुधाची उष्णता नसते, म्हणून त्या ताप कमी धरतात. खिलार गाय हे ऊन बरंच सोसते. जास्त दूध देणारी संकरित होल्स्टिन सगळ्यात आधी कोलमडते.