कोंडी होणाऱ्या चौकाची मोजणी कशी करावी

धुळे असो, जळगाव असो की शहादा, चौक तुंबला की मागणी ठरलेली: रस्ता रुंद करा, नाहीतर सिग्नल बसवा. यातलं काय लागेल, की काहीच लागणार नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पूर्वी मोजणी म्हणजे गाड्यांची बेरीज. ती रस्त्याच्या क्षमतेशी ताडायची आणि रुंदीकरण सुचवून मोकळं व्हायचं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं. मोजणीच्या तक्त्यात मात्र माणसांचा रकाना अजूनही अनेकदा नसतो. तो आपण घालायचा.

दिवस निवडा. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक साधा दिवस आणि शिवाय आठवडे बाजाराचा दिवस, अशा दोन मोजण्या करा. मे महिना टाळा. पारा ४५ वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात, शाळाही बंद असतात. कापूस विक्रीला निघण्याच्या दिवसांत, आणि रावेर-यावल भागात केळीची कटाई जोरात असताना, ट्रक व ट्रॅक्टर-ट्रॉलींचं प्रमाण पार बदलतं. म्हणून तक्त्यावर तारखेसोबत हंगामही लिहा.

तक्ता आखा. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ आणि उजवीकडे, अशा १२ हालचाली होतात. प्रत्येकीला स्वतंत्र रकाना हवा. वाहनांचे प्रकार: दुचाकी, रिक्षा, कार-जीप (काळी-पिवळी यातच), एसटी, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, हातगाडी. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ मोजा, दर १५ मिनिटांना नवी ओळ. तासाच्या एकाच आकड्यात शाळा सुटण्याची पंधरा मिनिटं लपून जातात, आणि कोंडी नेमकी तेव्हाच होते.

गर्दीत एका माणसाला तिन्ही दिशा झेपत नाहीत. प्रत्येक रस्त्याला दोघं लावा, किंवा गच्चीवरून मोबाईलने चित्रण करून नंतर घरी मोजा. चित्रण करताना बॅनर आणि झाडं आड येतात, ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

कारच्या हिशेबात आणा. ट्रॉली आणि मोटारसायकल सारखी जागा अडवत नाहीत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या शहरी मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाला कारच्या तुलनेत गुणांक दिला आहे, आणि रहदारीतला त्या वाहनाचा वाटा वाढला की तोही वाढतो. समजा, गर्दीच्या तासात चौकात १,३०५ वाहनं आली:

दुचाकी ९०० × ०.७५ = ६७५
रिक्षा १८० × २ = ३६०
कार १५० × १ = १५०
एसटी २० × २.२ = ४४
ट्रक ३० × २.२ = ६६
ट्रॅक्टर-ट्रॉली २५ × ४ = १००

एकूण १,३९५. आता माणसं मोजा. दर दहाव्या वाहनातली डोकी मोजून सरासरी काढली तरी पुरते. एसटीत सरासरी ४५ माणसं निघाली, तर त्या २० गाड्यांनी ९०० जण नेले, आणि रस्त्यावरचा त्यांचा भार जेमतेम ३ टक्के. १५० कारमध्ये दोन-दोन धरले तर ३०० जण. एसटीचा थांबा हलवून कारला जागा करून देण्याची सूचना आली, की हे दोन आकडे पुढे ठेवा.

पायी चालणारे. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी जुना, सोपा निकष आहे: तासाला ओलांडणारे लोक गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर १० कोटींच्या वर गेलं, किंवा दुभाजक असताना २० कोटींच्या वर, तर नियंत्रित क्रॉसिंगची (म्हणजे सिग्नल वगैरे लावून वाहनं थांबवण्याची) गरज धरतात. लोक २५०, वाहनं ७००, तर २५० × ७०० × ७०० = १२.२५ कोटी. इथे हमखास चूक होते ती संपूर्ण चौकाची वाहनं घालण्याची. लोक ज्या रस्त्यावरून ओलांडतात, फक्त त्याच रस्त्याची दोन्ही बाजूंची वाहनं घ्या. १,३०५ घातलं तर उत्तर फुगून ४२ कोटींवर जातं, आणि तपासणारा अभियंता पहिल्याच पानावर अहवाल बाजूला ठेवतो.

सगळ्यात फसवी गोष्ट. चौक पूर्ण तुंबलेला असताना मोजलं तर आकडा कमी भरतो, कारण निघू शकलेल्याच गाड्या मोजल्या जातात. मागे अडकलेल्या राहून जातात. दर १५ मिनिटांना रांगेची लांबी पावलांनी मोजून लिहा, किंवा रांगेच्या शेपटाच्याही मागे एक माणूस उभा करा.

आता आकडे वाचा. उजवीकडे वळणारे जास्त असतील तर रुंदीकरणाआधी वळणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका आखून बघा. डावीकडची वळणं अडत असतील तर कारण बहुधा कोपऱ्यावरचा रिक्षाथांबा किंवा उभी काळी-पिवळी असते. तिथे डांबराचा उपयोग नाही. स्पीडब्रेकर सुचवायचा असेल तर माप लिहा: ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे वेगापेक्षा कंबरच जास्त मोडतात.

अर्ज देण्याआधी रस्ता कोणाचा ते शोधा. जळगाव-धुळे मार्ग हा जुना सहा नंबर, आता राष्ट्रीय महामार्ग ५३. महामार्गाचा प्रश्न नगरपालिकेकडे दिला तर कागद नुसता फिरत राहतो. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या रचनेत ठरवलेली मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात हे कलम एका ओळीत लिहा आणि खाली मोजणीचा तक्ता जोडा.