वळवाच्या पावसानंतरच्या संध्याकाळी हुमणीसाठी राखून ठेवा

ऑगस्टमध्ये उसाचे बेट पिवळे पडते, हाताने ओढले तर अलगद उपटून येते, आणि मग हुमणीवर, म्हणजे मातीत राहून मुळे खाणाऱ्या किडीवर, औषधाची शोधाशोध सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. अळी पूर्ण पोसलेली असते, मुळांच्या घेरात मातीखाली बसलेली असते. वरून ओतलेले औषध तिच्यापर्यंत धड पोहोचतही नाही. ही कीड आपल्या हाती सापडते ती मे-जूनमधल्या मोजक्या संध्याकाळी. त्या नेमक्या कोणत्या, हे तिचा जीवनक्रम कळला की आपोआप कळते.

हुमणीच्या अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा अशा चार अवस्था असतात, आणि वर्षाला एकच पिढी होते. कोषातून निघालेला तांबूस तपकिरी भुंगेरा लगेच बाहेर पडत नाही, जमिनीतच थांबतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, माती मऊ झाली की दिवस मावळताच भुंगेरे वर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. तिथेच मिलन होते, रात्रभर पाला खातात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी एक मादी मारली, तर तेवढ्या अळ्या शेतात येतच नाहीत. दुसऱ्या कोणत्याही उपायाला एवढे फळ नाही.

म्हणून पाऊस झाल्या दिवसापासून रोज संध्याकाळी ७ ते ८.३० या वेळेत बांधावरची झाडे आकडीच्या काठीने जोरात हलवा. खाली जुनी ताडपत्री अंथरा. पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. नुसत्या पाण्यात ते तरंगतात आणि काठाला धरून वर येतात. पहिले ८ ते १० दिवस खंड पाडू नका. हे काम शिवारातल्या सगळ्यांनी मिळून करावे, कारण भुंगेऱ्याला पंख आहेत आणि तो बांध मानत नाही. प्रकाश सापळा लावला असेल तर भुंगेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर दिवा बंद करा, नाहीतर रात्रभर मित्रकीटकही त्यात मरतात.

आता अळीकडे बघू. कीटकाला हाडे नसतात, अंगावरचे कवच हाच त्याचा सांगाडा. कवच फारसे ताणत नाही, म्हणून वाढायचे तर कात टाकावी लागते. हुमणीची अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. अवस्था ओळखायला अळीची लांबी बघू नका, डोके बघा. अंगाच्या वळ्या खाण्यानुसार फुगतात, पण तपकिरी टणक डोके कात टाकेपर्यंत तेवढेच राहते. पहिल्या अवस्थेतली अळी कुजका पालापाचोळा आणि तंतुमुळे खाते. खरी नासाडी तिसऱ्या अवस्थेत होते.

जैविक उपाय लहान अळीवरच चांगला चालतो. मेटॅरायझियम बुरशी हेक्टरी २० किलो, पुरत्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा असताना मुळांजवळ द्या आणि लगेच मातीआड करा. ही बुरशी अळीने खावी लागत नाही. बीजाणू कातडीला चिकटतात, रुजतात आणि कवच भेदून आत जातात. कोरड्या मातीत किंवा उघड्या उन्हात ते रुजत नाहीत. अळीने मध्येच कात टाकली तर चिकटलेले बीजाणूही कातीबरोबर गळून पडतात, म्हणून बुरशी मातीत टिकून राहायला हवी. बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळांशी द्रावण ओतणे, सोबत करू नका.

शेणखतात पांढऱ्या अळ्या दिसल्या की बरेच जण घाबरतात. एक अळी सपाट फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलभुंग्याची, कुजके खाणारी अळी. हुमणी कुशीवर अर्धचंद्रासारखी वळून पडते आणि पायांनी सरपटते. नारळाच्या बागेत मात्र खड्ड्यातल्या मोठ्या अळ्या सोडू नका, त्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात.

पीक निघाल्यावर खोल नांगरट करा. कोष मातीच्या घरट्यात असतो आणि त्याला हलता येत नाही. घरटे फुटले की तो उन्हाने मरतो किंवा नांगरामागे चालणारे बगळे आणि मैना त्याला टिपतात. त्यासाठी नांगरट दिवसा, पाखरे शेतात असतानाच करा.