छोटे लेझर हाताळताना या चुका टाळा, ठिपक्याच्या झगमगाटावर जाऊ नका

लेझर जमवायचा नाद लागला की सुरुवातीला जो तो एकच बघतो, ठिपका किती लख्ख पडतो, आणि माझ्या मते बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या (प्रकाशाच्या लहरीची लांबी, रंग तिच्यावरून ठरतो; पुढचे ५३२, ४०५ असे आकडेही नॅनोमीटरच) जवळचा हिरवा सगळ्यात उजळ दिसतो, त्यामुळे ५ मिलिवॅटचा ५३२ वाला हिरवा भिंतीवर झगझगतो आणि त्याच्या कितीतरी पट पॉवरचा ४०५ वाला जांभळा मात्र मंद वाटतो. मग मंद आहे म्हणजे साधाच आहे असं समजून लोक जवळ जाऊन त्याच्या ठिपक्याकडे टक लावून बघतात, हे अजिबात करू नका.

स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरची तर मला जास्तच काळजी वाटते. त्यात हिरवा प्रकाश थेट तयारच होत नाही, आत ८०८ चा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा डायोड असतो, तो एका क्रिस्टलला पंप करतो, म्हणजे आपल्या प्रकाशाने चेतवतो, त्यातून १०६४ निघतो आणि दुसऱ्या क्रिस्टलमध्ये त्याचा ५३२ होतो. पुढे आयआर (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर नसेल तर उरलेला इन्फ्रारेडही बाहेर येतो, आणि तो दिसत नाही म्हणून पापणीसुद्धा मिटत नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला होता, त्यातून हिरव्यापेक्षा इन्फ्रारेडच जास्त येत होता. म्हणून हिरवा अचानक फिका पडला तर आत डोकावू नका. गारठ्यात तो फिका पडतोच, कारण डायोडची वेव्हलेंग्थ अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते आणि क्रिस्टलशी जुळत नाही, थोडा वेळ मुठीत धरून ऊब द्या आणि मग सेल बदलायचं बघा.

गॉगल घेताना रंग बघून घेऊ नका, त्यावर छापलेली वेव्हलेंग्थ आणि ओडी, म्हणजे गॉगल प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा, बघा. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भागच पलीकडे जातो, पण फक्त त्या छापलेल्या रेंजपुरता. ५३२ चा गॉगल १०६४ अडवेलच असं नाही. उन्हाचा चष्मा तर नकोच.

आता डायोड, म्हणजे लेझरचा प्रकाश तयार करणारा भाग. माझा पहिला निळा डायोड मी असाच घालवला, ड्रायव्हर (डायोडला ठरावीक करंट देणारं सर्किट) चालू ठेवून करंट सेट केला आणि तसाच डायोडला जोडला, आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज एका झटक्यात आत गेला आणि संपलं. बरोबर पद्धत अशी, डायोडच्या जागी आधी डमी लोड लावा, म्हणजे सीरिजमध्ये काही साधे रेक्टिफायर डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर, त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल तितके मिलिअँपिअर. सेट झालं की पॉवर बंद करा, कपॅसिटर शॉर्ट करून रिकामा करा, आणि मगच खरा डायोड सोल्डर करा. हाताला अर्थिंगचा पट्टा असू द्या, स्टॅटिकनेही डायोड जातो. गेलेला डायोड ओळखायचा कसा? तो करंट घेतो, उजेडही देतो, पण एलईडीसारखा पसरट, लेन्स कितीही फिरवा, ठिपका काही बनत नाही.

४४५ च्या मोठ्या डायोडचा ठिपका लांबून पट्टीसारखा दिसतो तो मात्र बिघाड नाही, तो मल्टिमोड असतो, म्हणजे त्याचा बीम मुळातच एका नेमक्या गोल ठिपक्यात येत नाही, उगाच लेन्स बदलत बसू नका. बीमभोवती धूसर वलय दिसलं तर लेन्स मळली आहे, तोंडाने फुंकू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यू वापरा.

आणि लेबलवर वेव्हलेंग्थ लिहिली आहे म्हणून खरी धरू नका, घरातल्या सीडीने अंदाज येतो. सीडीच्या ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, त्यावर काटकोनात बीम टाकला की ६५० चा पहिला बाजूचा ठिपका साधारण २४ अंशांवर पडतो, ५३२ चा १९ च्या थोडा पुढे. फक्त हे १ मिलिवॅटच्या आतल्या पॉइंटरनेच करा, आणि सीडी आरशासारखी असते, तेव्हा बीम परत कुठे जाईल ते चालू करायच्या आधी ठरवा.