जठराच्या कर्करोगात ‘बॅक्स’ शोधताना

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चार महिने एका चुकीच्या निष्कर्षामागे घालवले. पेशीला मृत्यूकडे नेणारे बॅक्स हे प्रथिन जठराच्या कर्करोगात नाहीसे होते का, हा माझा प्रश्न होता. माझ्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (ऊतीतील प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) मात्र प्रत्येक गाठीत बॅक्सचा पट्टा ठळक उमटत होता.

अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा ठरवून होणारा मृत्यू, तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरते. बॅक्स मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांच्या) बाह्य पटलाला छिद्रे पाडते, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर येते आणि कॅस्पेज ही पेशी मोडणारी विकरे कामाला लागतात. बॅक्सच्या जनुकात एका ठिकाणी सलग आठ ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) आहेत. एमएलएच१ हे दुरुस्तीचे जनुक मिथिलीकरणाने (डीएनएवर मिथिल गट चिकटल्याने) बंद पडले की डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त होत नाहीत, या आठांपैकी एखादा ग्वानिन गळतो किंवा नववा शिरतो आणि पुढचे सगळे वाचनच सरकल्यामुळे पूर्ण प्रथिन तयार होत नाही. मग जी पेशी मरायला हवी होती, ती बिघडलेल्या डीएनएसह वाढत राहते. २०१४ च्या टीसीजीए (कर्करोगांच्या जनुकांचा अमेरिकी प्रकल्प) अभ्यासातील २९५ गाठींपैकी सुमारे २२ टक्के मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेच्या, म्हणजे डीएनएतील अशा पुनरावृत्त तुकड्यांत चुका साचत जाणाऱ्या, या गटातल्या होत्या.

आता माझी चूक. एका वरिष्ठ सहकाऱ्याने ‘गाठीचा अख्खा तुकडा कुटून घे, वेळ वाचेल’ असे सुचवले आणि रात्रीची शेवटची कर्जत लोकल गाठायची असल्याने मी तेच करत गेले. गाठीच्या तुकड्यात केवळ कर्कपेशी नसतात. त्यात रक्तवाहिन्या, तंतुपेशी आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असतात, आणि या निरोगी पेशींत बॅक्स शाबूत असते. त्यातही घात असा, की अस्थिरता असलेल्या गाठींतच लिम्फोसाइटांची दाटी सर्वाधिक असते. म्हणजे जिथे कर्कपेशींनी बॅक्स गमावले असण्याची शक्यता अधिक, नेमका तिथेच उसना पट्टा ठळक दिसतो.

हे मला एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी, बॅक्स असेल तिथे तपकिरी रंग येईल अशा रंगवलेल्या कापावर, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कर्कग्रंथी फिकट निळ्या, रिकाम्या होत्या आणि त्यांच्या भोवती लिम्फोसाइटांचे तपकिरी ठिपके विखुरलेले होते. तुमच्या मार्गदर्शकांनी कितीही शोधनिबंध लिहिलेले असोत, महिन्यातून एक दुपार पॅथॉलॉजिस्टशेजारी बसल्याशिवाय ऊतींवर काम करू नका, असे माझे ठाम मत आहे.

घाबरून मात्र जाऊ नका. मेणात जतन केलेले ठोकळे असतील तर नवे काप घेऊन बरेचसे काम वाचवता येते, माझेही वाचले. त्याच कापातील लिम्फोसाइट तपकिरी झाले असतील, तरच ग्रंथींतील रिकामेपणावर विश्वास ठेवा. तेही फिके असतील, तर तुमचे रंगवणेच फसले आहे आणि त्या स्लाइडवरून काहीही लिहू नका.

आणखी एक खबरदारी. बॅक्स नसले तरी बॅक हे त्याचे भावंड पटलाला छिद्रे पाडू शकते. त्यामुळे बॅक्स गेले म्हणजे पेशी अमर झाली, असे मी आता कुठेही लिहीत नाही. बॅक्सच्या प्रत्येक रिकाम्या स्लाइडसोबत त्याच गाठीची बॅकची स्लाइडही तपासते.