एचएमटी घड्याळाचा गंजलेला स्क्रू कसा काढला (माझा अनुभव)

डिचोलीत आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या बेल्टला पण बुरशी येते, तिथे बाबांच्या चावीच्या एचएमटीचं काय होणार, मागचं झाकण उघडलं तर ब्रिजचा (आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) एक स्क्रू गंजून घट्ट. म्हापशाच्या बाजारातला स्वस्त स्क्रूड्रायव्हर सेट लावून बघितला, पण त्याचं पातं पाचरीसारखं निमुळतं, खाचेच्या तळाला टेकतच नाही, वरच्यावर सटकतं. मग १.२० मिमीचा चांगला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) पात्याच्या दोन्ही बाजू घासून टोक तळापर्यंत बसेल असं केलं. रुंदी खाचेएवढीच हवी हां, जास्त झाली की बाजूच्या ब्रिजवर ओरखडे.

स्क्रूला हात लावण्याआधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण उतरवला (चावी बोटांत धरून क्लिक, म्हणजे स्प्रिंगला उलटं फिरू न देणारी छोटी खिटी, बाजूला करायची आणि चावी हळूहळू उलटी सोडायची, एकदम सोडली तर चाकाचे दात जातात), मग सुईच्या टोकाने स्क्रूवर तेलाचा थेंब, रात्रभर तसंच. सकाळी तर्जनी स्क्रूड्रायव्हरच्या फिरत्या टोपीवर दाबून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग उलटा, आला बाहेर!

चिमटा शक्यतो पितळेचा घ्या, स्टीलचा चुंबकला की स्क्रू सोडतच नाही. आणि दहापट भिंगाची हौस कशाला, घड्याळ इंचभरावर आणावं लागतं, मग स्क्रूड्रायव्हर घालणार कुठून, या कामाला मला चारपट पुरतं.