रजिस्ट्रीत नाव आहे, पण माणूस येत नाही: क्लिनिकल ट्रायलसाठी स्वयंसेवक शोधताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे औषधं-उपचार माणसांवर तपासणाऱ्या अभ्यासांच्या, जागा कमी नाहीत. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तरी या अभ्यासांची कामं सांभाळणारी को-ऑर्डिनेटर मंडळी भेटली की रडगाणं एकच: यादीत नावं भरपूर, पण स्क्रीनिंगच्या, म्हणजे अभ्यासाआधीच्या पात्रता-तपासणीच्या, खुर्च्या रिकाम्या. दोष लोकांच्या अनास्थेवर ढकलला जातो. मला तो बहुतेक वेळा फोन करणाऱ्याच्या बाजूला दिसतो.

पहिली गल्लत रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदवहीच्या, प्रकारांची. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची सीटीआरआय, म्हणजे २००७ साली सुरू झालेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, ही अभ्यासांची नोंद आहे. तिथे स्वयंसेवकांची नावं नसतात. अभ्यासाला योग्य स्वयंसेवक जुळवून देणारी रजिस्ट्री वेगळी. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून २००९ पासून चालणारं 'रिसर्चमॅच' हे तिचं ठळक उदाहरण. ते अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे, पण त्याची रीत शिकण्यासारखी आहे. संशोधकाला आधी नाव-पत्ता दिसतच नाही. वय, आजार, ठिकाण यावरून जुळणाऱ्यांना रजिस्ट्रीमार्फत निरोप जातो आणि समोरच्याने 'हो' म्हटलं तरच त्याची ओळख संशोधकाकडे पोचते. ते 'हो'सुद्धा फक्त संपर्कापुरतं. अभ्यासात भाग घेण्याची संमती त्यानंतर, सगळं समजावून झाल्यावर.

आपल्याकडे यादीत नोंद, संपर्काला होकार आणि अभ्यासाला संमती हे तीन टप्पे सर्रास एकत्र होतात. आरोग्य शिबिरात भरून घेतलेला गूगल फॉर्म 'व्हॉलंटियर डेटाबेस' बनतो आणि वर्षभराने त्यातल्या माणसाला थेट "उद्या सकाळी उपाशीपोटी या" असा फोन जातो. तो येत नाही, यात नवल काय? फॉर्मवर 'पुढच्या अभ्यासांसाठी संपर्क करावा का' हा प्रश्न वेगळा हवा, आणि उत्तराची तारीखही जपून ठेवायला हवी.

फोन कोण उचलतं?

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. फसवणुकीच्या बातम्यांमुळे अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत. उचलला आणि पहिल्याच मिनिटात आधार नंबर किंवा बँक खातं विचारलंत, तर संपलंच. आधी मेसेज पाठवा. त्यात रुग्णालयाचं नाव, तिथल्या टेलिफोन बोर्डाचा लँडलाइन नंबर आणि अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक द्या, म्हणजे घरातलं कुणी शिकलेलं पोर तो स्वतः तपासून पाहू शकेल. खात्याचे तपशील प्रवासखर्च द्यायची वेळ आल्यावर, समोरासमोर.

दुसरं म्हणजे फॉर्मवरचा नंबर तो भरणाऱ्या बाईचा असेलच असं नाही. तो नवऱ्याचा असतो, मुलाचा असतो, कधी शेजारणीचा. "तुमच्या टीबीच्या अभ्यासाबद्दल बोलायचं होतं" हे वाक्य भलत्या कानावर पडलं की विश्वास गेला, आणि माणसाची गोपनीयताही गेली. आधी फक्त रुग्णालयाचं नाव सांगा, व्यक्ती तीच आहे याची खात्री करा, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का ते विचारा. आजाराचं नाव त्यानंतर.

मेसेजचा मजकूर, पोस्टर, फोनवर विचारायचे प्रश्न हे सगळं एथिक्स कमिटीकडून, म्हणजे सहभागींच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासणाऱ्या समितीकडून, मंजूर करून घ्यावं लागतं, मराठी आवृत्तीसकट. मंजूर मजकुरात "मोफत उपचार मिळतील" असं स्वतःहून जोडून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही मदत नाही, दिशाभूल आहे. औषध उपयोगी पडतं का हेच जिथे तपासायचं आहे, तिथे उपचाराचं आश्वासन कसं देणार? आणि काहींना प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, मिळणार असेल, तर हे आणखीच गंभीर.

आला, पण बसला नाही

स्क्रीन फेल्युअर, म्हणजे तपासणीत निकषांत न बसणारे, जास्त असतील तर रजिस्ट्रीतली माहिती शिळी आहे असं आधी समजा. लोक 'मधुमेह आहे' यावर टिक करतात. मध्यंतरी डॉक्टरांनी औषध बदललेलं असतं, इन्सुलिन सुरू झालेलं असतं. बोलावण्याआधी फोनवर चार-पाच नेमके प्रश्न विचारा आणि येताना गोळ्यांच्या पट्ट्या आणायला सांगा. काढे, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या यांची चौकशी वेगळी करा. "औषध घेता का?" या प्रश्नाला पुष्कळ लोक त्या मोजतच नाहीत.

वेळ ठरवताना रेल्वेचा नकाशा समोर ठेवा. कळव्याहून नेरूळला यायचं म्हणजे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बर पकडायची, तीही रात्रीपासून उपाशी. रविवारी सुट्टी म्हणून बोलावलंत आणि मेगाब्लॉक निघाला, की तो माणूस पुन्हा फोन उचलणार नाही. रबाळे-महापेच्या कंपन्यांत पाळीने काम करणाऱ्याला आधी त्याची शिफ्ट विचारा. किती खेपा, प्रत्येक खेपेला किती तास, हे पहिल्याच निरोपात लिहा. अभ्यासाचं लांबलचक इंग्रजी शीर्षक तिथे नसलं तरी चालेल.

पैशांबाबत दोन्ही टोकं वाईट. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी न देणं अन्याय आहे. रक्कम मोठ्या अक्षरांत छापणं हे आमिष आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासांत पैशासाठी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घालणारेही असतात. दोन अभ्यासांत साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवण्याची रीत आहे, ती का आहे हे त्यांना नीट सांगा. शरीरात आधीचं औषध असेल तर धोका त्यांनाच.

"घरी विचारून सांगतो" हा नकार समजू नका. माहितीपत्रक घरी नेऊ द्या. २०१९ च्या नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे, तोही भाग वाचून दाखवा. नव्या रासायनिक औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं. कॅमेरा का आहे हे तो सुरू करण्याआधी सांगा, नाहीतर माणूस अंग चोरून बसतो आणि प्रश्न विचारत नाही.

शेवटी यादीची निगा. नावं आणि आजार असलेली एक्सेल शीट पेन ड्राइव्हवरून फिरता कामा नये. कुणी "नाव काढा" म्हटलं तर अर्ज मागू नका; २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. निकषांत न बसलेल्यांनाही दोन ओळींचा निरोप पाठवा, आणि पुढच्या अभ्यासासाठी नाव ठेवायचं का, हे त्यातच विचारा.