खानदेशात परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडे निवडताना

परसात चार-पाच कोंबड्या पाळायचे ठरले की बहुतेक जण खुराड्याची किंमत आणि मजबुती पाहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मात्र पहिला प्रश्न वेगळा असावा: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी दोन वाजता या खुराड्यात कोंबडी तग धरेल का? कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढेच तिच्या हाती असते. आमचे पहिले खुराडे मुंगसाच्या भीतीने चारही बाजूंनी पत्र्याचे घेतले होते, आणि वैशाखातल्या एका दुपारी आत कोंडलेल्या दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) दगावल्या. ती चूक मला अजूनही टोचते.

म्हणून खालचा फूट-दीड फूट भाग फळ्यांचा किंवा विटांचा आणि वरचा सगळा जाळीचा, अशीच रचना घ्यावी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उत्तर-दक्षिण जाळीतून वारा खेळतो, मावळतीचे ऊन फक्त आखूड बाजूवर येते आणि ती बाजू बंद ठेवली की पश्चिमेची झळही अडते. छताला पत्रा असल्यास वरून चुना द्यावा व त्यावर केळीच्या वाळलेल्या पानांचा किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाड थर घालावा. चूल जवळ असेल तर हा वाळलेला थर टाळावा, तो पेट घेऊ शकतो. कडुनिंबाची सावली मिळाली तर याहून चांगली जागा नाही.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली हवी. षटकोनी पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण बोक्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवू शकत नाही. बारीक जाळीमुळे चिमण्याही दाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर परिसरात २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे रानपक्षी दूर ठेवण्याची ही काळजी मला अनाठायी वाटत नाही. खुराड्याबाहेर जाळीचे अंगण केले तर त्याच्या जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत पुरावा.

दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा पुरते. कोंडून ठेवणार असाल तर दर कोंबडीमागे आत चार आणि बाहेर जाळीच्या अंगणात आठ-दहा चौरस फूट धरावी. बसायची दांडी दोन इंच जाड असावी आणि अंडी घालण्याच्या खोक्यांपेक्षा उंच असावी, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात व अंडी विष्ठेने माखतात. चार कोंबड्यांना बारा इंची एक खोका पुरे.

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, तेव्हा तळ जमिनीपासून फूटभर उंच आहे ना आणि दारातून वाकून आतला कोपरान् कोपरा झाडता येतो ना, हे पैसे देण्याआधी स्वतः हात घालून पाहावे.